‘स्वच्छ गॅस’ : कोणासाठी स्वच्छ?

गल्लीत पाइपच्या गॅससाठी खोदकाम सुरू झाले की वस्तीत आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. सिलिंडर संपला म्हणून शेजारणीच्या शेगडीवर भात टाकायला जाणे नको, नंबर लावून वाट पाहणे नको, भरलेला सिलिंडर खांद्यावरून चौथ्या माळ्यावर चढवणे नको. फॉर्म भरून घेणारा मुलगा सांगतो, ‘स्वच्छ आहे, सुरक्षित आहे, पर्यावरणाला चांगला आहे.’ रिक्षाच्या पाठीवर तेच लिहिलेले असते, बसवर तेच, पंपावरच्या फलकावरही तेच. विहारात महिला मंडळाच्या बैठकीला आरोग्यावर बोलायला गेले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : “ताई, पाइपाचा गॅस आला म्हणजे आता धुराचा त्रास संपला ना?”

धूर संपला. त्रास संपला असे मात्र मी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही ते जरा सविस्तर सांगायला हवे.

आधी एक गोष्ट पक्की करू, म्हणजे पुढचे वाचून कोणी उलटा अर्थ काढणार नाही. चुलीपेक्षा गॅस कितीतरी चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांच्या घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यात पाच वर्षांखालची बालके २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. आपल्या आया-आज्यांनी फुंकणी हातात घेऊन आयुष्य काढले. त्यांचे लाल डोळे आणि रात्रीचा खोकला आपण ‘वयाचा’ समजत राहिलो. तेव्हा चुलीकडे परत चला असे हा लेख सांगत नाही. कोणी तसे सांगत असेल, तर त्याला आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात चूल मांडायला सांगावे.

माझा आक्षेप ‘स्वच्छ’ या शब्दाला आहे. आणि ‘नैसर्गिक’ या शब्दालाही. जमिनीखालून किंवा समुद्राच्या तळाखालून काढलेला हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. आपल्या सिलिंडरमध्ये असतो तो वेगळा, प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. पाइपने येणारा पीएनजी, रिक्षा-टॅक्सीत भरतात तो सीएनजी आणि परदेशातून जहाजाने येतो तो एलएनजी ही सगळी नैसर्गिक वायूचीच रूपे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे मानायचे कारण नाही. विंचवाचे विषही नैसर्गिकच असते.

प्रथम खोलीतले बोलू. गॅसची निळी ज्योत बघून आपल्याला वाटते, काहीच बाहेर पडत नाही. काजळी दिसत नाही हे खरे. पण ज्योत इतकी गरम असते की तिच्याभोवतीच्या हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू गॅसमध्ये नसतो, ज्योतीच्या उष्णतेने खोलीच्या हवेतूनच बनतो. म्हणून पाइप असो की सिलिंडर, कंपनी कोणतीही असो, जोपर्यंत ज्योत आहे तोपर्यंत तो बनणारच. तो श्वासनलिकेला सूज आणतो, दमा असलेल्याचा दमा चाळवतो, लहान मुलांना छातीच्या आजारांना हळवे करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वर्षाची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. आपल्या देशाच्या मानकात निवासी भागासाठी ती अजून ४० आहे, आणि तीही बाहेरच्या हवेची. घरातली हवा मोजायला कोणीच येत नाही.

२०१३ मध्ये संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या ४१ अभ्यासांची एकत्र तपासणी केली. गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांना दमा असण्याचा धोका ४२ टक्क्यांनी जास्त आढळला. २०२२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ५३ घरांत मोजमाप झाले. तिथे असे दिसले की स्वयंपाकघर लहान असेल आणि हवा बाहेर जायला वाट नसेल, तर शेगडी पेटवल्यावर काही मिनिटांतच हा वायू त्यांच्या देशाच्या तासाभराच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. आता हे ‘लहान स्वयंपाकघर’ अमेरिकेतले आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला ओटा, त्याच्या बाजूला मोरी, समोर पलंग आणि वर पोटमाळा. गरम हवा वर जाते. पोटमाळ्यावर अभ्यास करणारे किंवा झोपलेले पोर शेगडीच्या बरोबर वर असते. सकाळी पोळ्या-भाजीचे डबे व्हायच्या वेळी दोन्ही बर्नर तासभर पेटलेले, बाहेरचे दार गल्लीतल्या वर्दळीमुळे लोटलेले, आणि खिडकी असलीच तर ती शेजारच्या भिंतीवर उघडणारी. या खोलीला कोणत्या हिशेबाने स्वच्छ म्हणायचे?

झोपडी जाऊन इमारत आली की हा प्रश्न सुटेल असे आपण धरून चालतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त. तो अभ्यास क्षयाचा होता, गॅसचा नव्हता. पण ज्या खोलीतून क्षयाचे जंतू बाहेर जात नाहीत, तिच्यातून शेगडीचा वायू तरी कसा जाणार? पाइपलाइन या इमारतींत सहज येते. खिडकी मात्र नंतर आणता येत नाही.

जाता जाता गॅसच्या गिझरबद्दल. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गिझरने हिवाळ्यात तरुण मुले-मुली बेशुद्ध पडल्याच्या, दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंद जागेत ज्योत तिथला ऑक्सिजन खाते, मग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला वास नाही, रंग नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. ते शक्य नसेल तर तो घेऊच नये. पाणी शेगडीवर तापवा आणि शेगडीची ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करून घ्या.

आता खोलीबाहेर. मिथेन जळाला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि विजेच्या हिशेबाने पाहिले तर तो कोळशाच्या साधारण निम्मा असतो. ‘हरित इंधन’ हा सगळा डोलारा या निम्म्यावर उभा आहे. पण मिथेन न जळता हवेत सुटला तर काय होते, हे फलकावर लिहिलेले नसते. पृथ्वीभोवतीचे वायू गोधडीसारखे उष्णता धरून ठेवतात. मिथेनची गोधडी फार जाड. वीस वर्षांच्या मुदतीत एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. शंभर वर्षांच्या मुदतीत पाहिले तर सुमारे ३० पट, कारण तो साधारण बारा वर्षांत हवेतून नाहीसा होत जातो. पण आपण जगतो आहोत ती हीच वीस वर्षे. आपली मुले मोठी होणार तीही हीच. आजवरच्या तापमानवाढीत सुमारे तीस टक्के वाटा मिथेनचा आहे.

मिथेन भाताच्या खाचरांतून येतो, गुराढोरांतून येतो, कचऱ्याच्या डोंगरांतूनही येतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागून मुंबईभर धूर पसरला, तेव्हा आत साचलेला होता तो हाच वायू. गोवंडीकरांना त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. फरक एवढाच की देवनारचा मिथेन ‘प्रदूषण’ ठरतो आणि पाइपमधला ‘स्वच्छ इंधन’.

पाइपमधला सगळा मिथेन शेगडीपर्यंत पोचत नाही. विहिरीतून, दाब वाढवणाऱ्या यंत्रांतून, सांध्यांतून, जुन्या नळ्यांतून तो गळत राहतो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मोजणीत उत्पादनाच्या २.३ टक्के वायू गळत असल्याचे दिसले. तिथल्या सरकारी अंदाजापेक्षा ते सुमारे साठ टक्क्यांनी जास्त होते. ही गळती तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली की पुढच्या वीस वर्षांपुरता तरी विजेसाठी गॅस कोळशापेक्षा बरा राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या त्याच ५३ घरांत आणखी एक विचित्र गोष्ट आढळली. शेगड्यांतून सुटणाऱ्या मिथेनपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त शेगडी बंद असताना सुटत होता, नळीच्या जोडातून आणि फिटिंगमधून, इतका बारीक की नाकाला कळू नये.

भारत आपल्या गरजेच्या जवळपास निम्मा वायू बाहेरून आणतो. कतारसारख्या देशातून येणारा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करतात, जहाजात भरतात, गुजरातेत दहेजला किंवा आपल्याकडे दाभोळला उतरवून पुन्हा वायू करतात. या प्रत्येक पायरीला ऊर्जा लागते आणि प्रत्येक पायरीवर गळतीला वाव असतो. आणि जो वायू साठवणे परवडत नाही तो तेलाच्या विहिरींवरच जाळून टाकतात. २०२३ मध्ये जगभर असा सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. भारत वर्षभरात वापरतो त्याच्या दुपटीएवढा! गरिबाने भात शिजवताना झाकण ठेवावे असे सांगणाऱ्या जगात हे चालते.

विहिरीच्या शेजारी राहणाऱ्यांचे काय होते, हे आसामातल्या बाघजानने दाखवले. तिनसुकिया जिल्ह्यातले हे गाव. एका बाजूला डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, जवळच मागुरी-मोटापुंग नावाचे मोठे बील, म्हणजे पाणथळ तलाव. माणसे शेती, मासेमारी आणि चहाच्या लहान मळ्यांवर जगणारी. २७ मे २०२० रोजी ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या पाच नंबरच्या विहिरीतून वायू अनावर होऊन बाहेर उसळू लागला. कोरोनाचे दिवस होते, अंतर ठेवून राहा असे सगळे सांगत होते, आणि इकडे हजारो माणसांना मदत छावण्यांत दाटीवाटीने हलवावे लागले. वायूबरोबर तेलाचे बारीक थेंब उडत होते. ते पानांवर बसले, तळ्याच्या पाण्यावर त्याचा तवंग आला, मासे मेले, नदीतला एक डॉल्फिन मरून वर आला. ९ जून रोजी विहिरीने पेट घेतला आणि आग विझवायला आलेले दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. घरे जळाली, मळे जळाले. विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. साडेपाच महिने.

साडेपाच महिने ज्यांच्या उशाशी ती विहीर गरजत होती, त्यांच्या झोपेचे, त्यांच्या पोरांच्या कानांचे, गर्भार बायांचे काय झाले असेल याचा हिशेब ‘स्वच्छ’ या शब्दात कुठे बसतो? आंध्रात नगरम गावी जून २०१४ मध्ये वायूची पाइपलाइन फुटून आग लागली आणि वीसहून जास्त माणसे गेली. बळी जाणारी माणसे पाहिलीत तर ती बहुतेक आपल्यासारखीच असतात. कारण विहीर, पाइपलाइन आणि कारखाना यांना लागून स्वस्त जमीन असते, आणि स्वस्त जमिनीवर कोण राहते ते आपल्याला ठाऊक आहे. आणि तापलेल्या हवेचा फटकाही प्रथम पत्र्याखालीच बसतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत शेगडीपुढे बसणाऱ्या बाईला जगाचे तापमान किती अंशांनी वाढले ते विचारावे.

इथे कोणी म्हणेल, मग गॅस सोडा आणि विजेच्या शेगडीवर या. इंडक्शन शेगडीला ज्योत नाही, म्हणून तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघत नाही. खोलीपुरता हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण हा सल्ला देणाऱ्याने वस्तीतला मीटर पाहिलेला नसतो. भाड्याच्या खोलीत सब-मीटर असतो आणि युनिटचा दर घरमालक ठरवतो. वायर जुनी, एका खांबावरून दहा घरांना गेलेली. तिच्यावर दीड-दोन हजार वॅटची शेगडी लावली तर वायर वितळायची. जर्मनची पातेली इंडक्शनवर चालत नाहीत, सपाट बुडाची, चुंबक चिकटेल अशी भांडी लागतात. भाकरी फुगायला आच लागते. आणि ही वीज येते कुठून? आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याच्या भोवती राहणाऱ्यांना विचारा. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून ती राख पाण्याबरोबर शेतांत आणि नाल्यांत शिरली. मुंबईतल्या खोलीतला त्रास कमी करून तो विदर्भातल्या आपल्याच माणसांच्या छातीत भरायचा, हा उपाय झाला नाही.

म्हणून माझे मत असे, की गॅस सोडायची पहिली पाळी आपल्या घरांची नाही. देशातल्या नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा वाटा खतांचे कारखाने वापरतात. वीजकेंद्रे, शुद्धीकरण कारखाने, इतर उद्योग, वाहने हेही आहेत. घरच्या शेगड्यांना लागतो तो त्या मानाने फार थोडा. सरकारचे धोरण मात्र देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा सुमारे सहा टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर नेण्याचे आहे. त्यासाठी पाइपलाइनी, टर्मिनल, पंप यांवर जो पैसा ओतला जाईल तो वसूल व्हायला पुढची तीस-चाळीस वर्षे हा वायू वापरत राहावे लागेल. दुसरीकडे २०२१ मध्ये ग्लासगोला शंभराहून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी कमी करण्याचे वचन दिले, त्यात भारत सामील झाला नाही. भातशेती आणि गुरे हे कारण दिले जाते. शेतकऱ्याचे कारण मला पटते. पण विहिरीवरची आणि पाइपमधली गळती थांबवायला शेतकरी कुठे आड येतो?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ मध्ये त्या समितीसमोर त्यांनी विजेचा प्रश्न मांडला तो असा, की वीज खात्रीची हवी, स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण दारिद्र्यातून बाहेर पडण्याची वाट तिच्यावर अवलंबून आहे. वीज कोणाला, किती भावाने आणि कोणाच्या मालकीची, हे प्रश्न ते तेव्हाच विचारत होते. आज छतावरच्या सौरविजेला केंद्र सरकार तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देते. योजना चांगली आहे. पण ती स्वतःचे छत आणि स्वतःच्या नावाचे वीज कनेक्शन असणाऱ्यांसाठी आहे. ज्याच्या डोक्यावर घरमालकाचा पत्रा आहे तो तिच्या बाहेर. तेव्हा आपण मागायचे ते हे : घरटी अधिकृत मीटर, नवी वायर, पुनर्वसन इमारतींच्या सामायिक गच्चीवर सौरविजेचे पॅनेल आणि त्याचा लाभ प्रत्येक घराच्या बिलात. वीज स्वच्छ आणि परवडणारी झाली की इंडक्शन घ्या असे आपल्या बायांना कोणी सांगावे लागणार नाही. त्या हिशेबात पक्क्या असतात.

तोवर शेगडी गॅसचीच राहणार, तर ती जपून वापरू. स्वयंपाकाच्या वेळी समोरासमोरचे दार-खिडकी उघडे ठेवा, पोटमाळ्यावर त्या वेळी पोरांना ठेवू नका. ओट्याच्या वर, भिंतीत जितके उंच जमेल तितके, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. नुसता छताचा पंखा तीच हवा खोलीत फिरवतो. डाळ, कडधान्य आधी भिजत घालून कुकरला लावा, ज्योत कमी वेळ पेटेल. घरात दम्याचे मूल किंवा म्हातारे माणूस असेल आणि वायर-मीटर धड असेल, तर निदान चहा-पाण्याला विजेची किटली घ्या. पुनर्वसनाचा नकाशा दाखवायला विकासक सोसायटीच्या सभेत येईल तेव्हा चटईक्षेत्राच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी किती बाय किती आणि ती कुठे उघडते ते विचारा, आणि उत्तर सभेच्या वृत्तान्तात लिहून घ्या.

आणि वास आलाच, तर. दोन्ही वायूंना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जमतो, म्हणून वरची खिडकी आधी उघडा. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून दार सताड उघडा. विजेचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. काडी नाही, अगरबत्ती नाही. पाइपचा कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, पोरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि फोन गल्लीत येऊन करा : सिलिंडर असेल तर १९०६ वर, पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर. तो क्रमांक आजच दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.